शेळी नदीकाठी काय म्हणाली

हिरड्याची वाडी, तळेघरच्या वर
१६ डिसेंबर २०२४

प्राची बाळा,

फोनला रेंज पायजे तर टेकाड चढावं लागतं, आन् माझे गुडघे आता टेकाडाचं नाव काढलं तरी कुरकुरत्यात. म्हणून कागदच बरा. तळेघरला जाणाऱ्याच्या हाती पोष्टात टाकते.

भात झोडून झालं, नाचणी कणग्यात पडली. आता वाडीला उद्योग काय, तर पिक्चर. शाळेत गुरुजींनी भिंतीएवढा टीव्ही आणलाय. रविवारी दुपारी खिडक्यांना पोती लावून अंधार करत्यात आन् पोरांना कार्टून दाखवत्यात. नाव पोरांचं, पण पुढच्या सतरंजीवर बसायला म्हातारी माणसंच आधी जात्यात.

पहिल्या रविवारी एक घरगुती पिक्चर व्हता. मुलगा परदेशी निघाला म्हणून आख्खं घर रडतंय. आजी रडती, आत्या रडती, दारातलं कुत्रंबी रडतंय. साळुबाई मधीच म्हणली, “आमचा आदेश मंचरला कामाला गेला तवा मी त्याला ‘येताना मीठ आण’ एवढंच म्हणलं. माझंच चुकलं म्हणायचं.” लोकं इतकी हसली की पुढचं रडणं कुणाला ऐकूच आलं न्हाई. दुसऱ्या रविवारी वाघ पाला खातो असा पिक्चर. रखमाजीबाबाच्या दोन शेरड्या बिबट्यानं नेल्या व्हत्या. ते उठून निघाले, म्हणले पोरांना असलं खोटं शिकवू नका, उद्या जातील त्याला पाला भरवायला.

कालचा पिक्चर शेळीचा व्हता. तिचं करडू हरवतं आन् ती डोंगर पालथे घालत निघती. तुझी आजी माझ्या शेजारी बसली व्हती. शेळीनं तोंड उघडलं आन् माझ्या हातातल्या शेंगा खाली पडल्या.

प्राची, तो आवाज रत्नाचा व्हता. तुझ्या आईचा.

मी म्हणलं कान वाजले. पण तुझी आजी मोठ्यानं बोलली, “आगं रत्ने, इतके दिस कुठं व्हतीस?” लोकं हसली. मीबी हसले. पण घरी आल्यावर तुझ्या आजीनं तीन ताटं घेतली. आमी तर दोघीच.

नदीकाठी शेळी एक वाक्य बोलली. ते मी लिहीत न्हाई. तू बघ आन् मला कळव. सूरजरावांना आन् समृद्धीला आशीर्वाद.

तुझी इंदूमावशी

*

जुन्नर
२७ डिसेंबर २०२४

इंदूमावशी,

पत्र मिळालं. साळुबाईंचं मीठ वाचून सूरज इतका हसला की त्याला ठसका लागला.

पिक्चरबद्दल मला विचारलंस हे बरं केलंस. दातांच्या दवाखान्यात माझी नोकरी म्हणजे फोन घेणं, नंबर लावणं आणि दिवसभर कार्टून बघणं. पोरं रडू नयेत म्हणून डॉक्टरांनी बाहेर टीव्ही लावलाय. माणसं बघावीत तर दाढ ठणकत असते आणि पडद्यावर उंदीर आपटला की हसू आवरत नाही. मग सुजलेला गाल धरून अर्ध्याच तोंडाने हसतात. परवा एका गृहस्थांचा ओठ इंजेक्शनने बधिर झालेला. ते हसत होते हे त्यांना स्वतःला कळत नव्हतं, शर्ट भिजल्यावर कळलं.

तुझा शेळीचा पिक्चर शोधला आणि दवाखान्यात लावला. मावशी, ती शेळी डोंगर ओलांडते, वाळवंट ओलांडते, पण वाटेत एकदाही कुणाच्या कुंपणात तोंड घालत नाही. असली शेळी आपल्या दोन्ही तालुक्यांत जन्मली नसेल. शेजारी बसलेल्या आजोबांचं तर म्हणणं पडलं की ही शेळी नाहीच, ही शेळीचं सोंग घेतलेली मास्तरीण आहे.

आवाज मात्र मला शहरी वाटला. टीव्हीवर साबण विकणाऱ्या बाईसारखा. ‘नाही’ म्हणते, ‘न्हाई’ म्हणत नाही. नदीकाठी ती काहीच बोलत नाही. तोंड हलतं, पण नुसता वारा ऐकू येतो. मला वाटलं आमचा स्पीकर गेला, म्हणून घरी सूरजच्या मोबाईलवर पुन्हा लावला. तिथेही तसंच. चित्र काढणाऱ्यांची चूक असणार. समृद्धी माझ्या मांडीत होती. ती म्हणाली, “आई, ती काय विचारते?” मी म्हटलं काही नाही, रवंथ करते. ती म्हणाली, “नाही, विचारते.”

मावशी, एक सांगते, रागावू नको. आई गेली तेव्हा मी तीन वर्षांची होते. मला तिचा आवाज आठवत नाही. फोटो आहे, त्यातल्या बाईला तोंड आहे, आवाज नाही. मग मी ओळखू कशावरून?

तुम्हाला दोघींना थंडीत उगाच काही वाटत असेल. आजीला थोडे दिवस पिक्चरला नेऊ नकोस. आणि ते वाक्य काय ते लिही, नाहीतर माझ्या डोक्यातून जाणार नाही.

तुझी
प्राची

*

हिरड्याची वाडी
७ जानेवारी २०२५

बाळा प्राची,

तुझ्या आजीला नेऊ नको म्हणतीस. आगं, तीच मला नेती. परवाच्या रविवारी ती जेवणाआधीच शाळेच्या पायरीवर जाऊन बसली आन् गुरुजींना म्हणली, शेळी लावा. पोरांना दुसरा पिक्चर पायजे व्हता, पण म्हातारीपुढं कोण बोलणार.

यावेळी मी पडद्याकडं कमी आन् लोकांकडं जास्त बघितलं. शेळी बोलायला लागली तशी रखमाजीबाबांनी डोक्यावरची टोपी काढून मांडीवर ठेवली. साळुबाई पदराचं टोक चावत बसली. भागूकाकू नातीला मांडीवरून उतरवून भिंतीला सरकली. गुरुजी मात्र मोबाईल बघत व्हते, आन् तरणी पोरं शेळीच्या चालण्याला हसत व्हती.

नंतर मी एकेकाला वेगळं गाठून विचारलं, मी काय ऐकलं ते न सांगता. गुरुजी लातूरकडचे. ते म्हणले नदीकाठी नुसता वारा हाय. तरण्या पोरांनाबी वारा. पण साळुबाईनं तेच वाक्य सांगितलं जे मी ऐकलं. भागूकाकूनं तेच. रखमाजीबाबा आधी टोपी झटकत बसले. मग म्हणले, “इंदे, तुझी बहीण हाय ती. मला कशाला विचारतीस?”

रत्नाचं जित्तेपणीचं बोलणं ज्यांच्या ध्यानात हाय, त्यांनाच तो आवाज येतोय. बाकीच्यांना तुझी साबणवाली बाई.

आता वाक्य लिहिते. शेळी नदीकडं बघून म्हणती, “माझी ठकू कुणी बघितली का?”

ठकू म्हंजे तू. तुला त्या नावानं रत्नाच हाक मारायची. ती गेल्यावर संपतरावांनी ते नाव घरात कुणाला घेऊ दिलं न्हाई. का, ते तुझ्या वडलांनाच विचार. मी त्यांना शब्द दिलेला हाय, माझ्या तोंडून निघायचं न्हाई.

घरी येताना तुझी आजी माझ्यापुढं चालत व्हती आन् बोलत व्हती. मला वाटलं माझ्याशी. जवळ गेले तर म्हणत व्हती, “दगड बघून चाल गं, इथं घसरतं.” मी तिच्या मागं व्हते, आन् ती बोलत व्हती उजव्या अंगाला.

मावशी

*

जुन्नर
१९ जानेवारी २०२५

मावशी,

वडिलांना विचारायची हिंमत होईना, म्हणून मी एक आगाऊपणा केला. त्यांची दाढ दुखतच होती. त्यांना दवाखान्यात बोलावलं, बाकावर बसवलं आणि शेळीचा पिक्चर लावला. मी टेबलामागे बसून रजिस्टर लिहिल्यासारखं करत होते.

सुरुवातीला ते हसत होते. शेळी रस्ता ओलांडताना दोन्हीकडे बघते ना, तिथे म्हणाले, आपल्या नारायणगावच्या चौकातल्या माणसांना हे दाखवलं पाहिजे. मग शेळी बोलायला लागली. ते हसायचे थांबले. नदी आली. मला वारा ऐकू आला. दादा उठले आणि दार उघडून चालते झाले. चपला तिथेच राहिल्या.

मी चपला घेऊन मागे धावले. ते एसटी स्टँडवर अनवाणी बसले होते. मी काही विचारायच्या आधीच म्हणाले, “ती तुला शोधतीय.”

मग त्यांनी सांगितलं. मला आजवर एवढंच माहीत होतं की आई धरणाच्या काठी गवताला गेली, पाय घसरला आणि सापडली नाही. दादा म्हणाले, पाय घसरला नव्हता. तिने मला भाऱ्यांच्या सावलीत झोपवलं होतं. कापता कापता ती पुढे गेली, परत येऊन बघते तर मी जागेवर नाही. माझं वाळत टाकलेलं झबलं वाऱ्याने उडून पाण्याच्या कडेला पडलेलं. ती ‘ठकू, ठकू’ हाका मारत पाण्यात उतरली. पलीकडच्या बांधावरून लोकांनी पाहिलं, पुढे खोल आहे असं ओरडून सांगितलं, पण तिला ऐकू गेलं नाही. मी सरकत सरकत भाऱ्याच्या मागच्या अंगाला जाऊन झोपले होते. दादा आले तेव्हा मी झोपेतच होते.

“तुला हे कळलं असतं तर तू स्वतःला खात बसली असतीस,” दादा म्हणाले. “म्हणून ते नावच पुसलं.” मग त्यांनी चपला घातल्या आणि दाढ न दाखवताच घरी गेले.

मी चार दिवस समृद्धीला जवळ घेऊन झोपते आहे. सूरज म्हणतो ओझरला जाऊन येऊ, गणपतीपुढे बसलीस की मन शांत होईल. जाऊन आलो. मन शांत झालं नाही, पण एक गोष्ट उमगली. मी सापडले हे आईला कुणी सांगितलंच नाही गं. सगळ्यांना कळलं, तिला सोडून.

मी येते. ९ फेब्रुवारीला रविवार आहे. गुरुजींना शेळी लावायला सांग.

प्राची

*

हिरड्याची वाडी
२७ जानेवारी २०२५

प्राची बाळा,

ये. पण येण्याआधी इथलं काय हाय ते समजून ये.

तुझी आजी खुशीत हाय. आधी अर्धी भाकरी खायची, आता दोन खाती. सकाळी अंगणात बसून बोलत असती. कुणाचं लगीन झालं, कुणाची म्हैस व्याली, सगळं सांगती. मधी थांबती, ऐकून घेती, मग पुढचं सांगती. आंघोळीला पाणी तापवलं तर म्हणती, जरा जास्त ठेव, ती गारठलीय. ऐंशीच्या पुढच्या बाईला अशी टवटवी आलेली बघून लोकं मला म्हणत्यात, काय औषध दिलंस. मला मात्र तिच्या शेजारी झोपायची भीती वाटती.

आन् एक. म्हातारी तिला जगभरचं सांगती, पण तू सापडलीस, तुझं लगीन झालं, तुला लेक झाली, यातलं अक्षर सांगत न्हाई. गेल्या रविवारी शेळीनं विचारलं, “माझी ठकू कुणी बघितली का?” मी उत्तर द्यायला तोंड उघडलं, तर तुझ्या आजीनं माझ्या तोंडावर हात दाबून धरला. इतकं बळ तिच्या हातात कुठून आलं कळंना. माझ्या कानाशी म्हणली, “सांगू नको. कळलं की जाईल ती.”

तिनं लेक एकदा घालवली. आता मिळाली तर सोडवत न्हाई. तिला तरी काय म्हणू?

तू ये. पण कशाला येतीस ते मी तिला सांगितलेलं न्हाई.

मावशी

*

जुन्नर
११ फेब्रुवारी २०२५

इंदूमावशी,

सुखरूप पोचले. दादा तळेघरपर्यंत माझ्याबरोबर आले होते, हे तुला सांगितलं नव्हतं. वर वाडीत यायला त्यांचा पाय उचलेना. मी परत येईपर्यंत ते स्टँडसमोरच्या हॉटेलात बसून होते. मी दिसले तेव्हा त्यांनी नुसता चहा सांगितला.

तू माझ्या शेजारीच होतीस. तरी मला काय झालं ते तुला दिसलं नसेल, म्हणून लिहिते.

पोत्यांच्या फटींतून उन्हाच्या रेघा येत होत्या आणि त्यांत धूळ फिरत होती. दुपारचे सगळे आवाज बाहेर चालू होते, कोंबड्या, कुणाचा तरी कुऱ्हाडीचा घाव. आजीने माझं मनगट धरलं होतं. मी कशाला आले ते तिला माझ्या हाताच्या नाडीवरून कळलं असावं, कारण ती माझ्याकडे एकदाही न बघता हळूहळू पकड घट्ट करत होती.

शेळी डोंगर उतरली. पोरं हसली. मला तीच साबणवाली बाई ऐकू येत होती आणि मनात आलं, किती हा वेडेपणा, कामावर रजा टाकून मी एका चित्रातल्या शेळीशी बोलायला आले आहे. मग नदी आली. वारा सुटला. शेळीचं तोंड हललं. मी इतके कान दिले मावशी, की डोकं दुखायला लागलं. काही नाही. नुसता वारा.

पण मी तुमच्याकडे पाहिलं. रखमाजीबाबांनी टोपी काढली होती. साळुबाईंचे डोळे मिटलेले. आणि मग तुम्ही सगळेजण, भागूकाकूसुद्धा, एकाच वेळी माझ्याकडे वळलात. कुणी आपल्याबद्दल विचारलं की लोक आपल्याकडे बघतात ना, तसे. तेवढ्यावरून मला कळलं की तिने विचारलं.

आजीचा हात माझ्या तोंडाकडे आला. अगदी ओठांपर्यंत आला. मी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे पडद्यावर होते. मग तो हात तिथेच थांबला आणि तिने तो आपणहून खाली मांडीवर ठेवला. हे तुला दिसलं का? हे कुणाला दिसलं नसेल तर निदान तू लक्षात ठेव. तिने मला अडवलं नाही.

मग मी बोलले. काय बोलायचं ते मी घरी ठरवून आले होते, शुद्ध भाषेत, शाळेतल्या भाषणासारखं. तोंडातून निघालं ते वेगळंच. “आये, मी हाय हितं. ठकू. मी भाऱ्यामागं झोपले व्हते. मला काय झालं न्हाई.” मी जन्मात कुणाला ‘आये’ म्हटलेलं नाही. तो शब्द मला कुणी शिकवला ते मला माहीत नाही.

शेळीचं तोंड मिटलं. आता तू म्हणशील ते चित्रातच तसं आहे. असेल. पण मी तो पिक्चर कितीदा पाहिलाय, तिथे ती नदीकडेच बघत राहते. परवा ती वळली आणि तिने आमच्याकडे बघितलं. गुरुजींनी मला नंतर विचारलं, ताई, मध्येच काय बोललात, पोरं घाबरली ना. मी माफी मागितली.

परतीला आजीने मला निरोप दिला नाही. भिंतीकडे तोंड करून पडली होती. ती रागावली आहे का? तिला म्हणावं, मला तर तो आवाज एकदाही मिळाला नाही. तिच्यापाशी होता तेवढाही मी घालवला.

प्राची

*

हिरड्याची वाडी
३ मार्च २०२५

प्राची बाळा,

उत्तराला उशीर झाला. तुझ्या आजीचं निस्तरत व्हते.

तू गेल्यावर ती आठ-दहा दिस बोललीच न्हाई. अंगणात बसायची, पण गप. दोन भाकरीची पुन्हा अर्धी झाली. ताटं दोनच घ्यायला लागली. मला वाटलं ही आता तग धरत न्हाई.

मग एका रविवारी आपणहून उठली, लुगडं बदललं आन् म्हणली, चल, शेळी बघून येऊ. गुरुजींनी लावली. आमी सगळी कान देऊन बसलो. पहिल्यापासून ती शेळी शहरातल्या बाईसारखीच बोलत व्हती, ‘नाही’ म्हणणारी. नदीकाठी वारा सुटला. वाराच व्हता. रखमाजीबाबांनी टोपी पुन्हा डोक्यावर घातली. साळुबाई रडली थोडी.

तुझी आजी पिक्चर संपेपर्यंत बसली. वाटेनं मी तिचा हात धरला व्हता. टेकाडाखाली आल्यावर ती म्हणली, “पोर सापडली तिला. आता ती शोधायला कशाला येईल?” मी विचारलं, प्राचीवर रागावलीस का? म्हणली, “नातीवर कोण रागावतं? मला लेकीचा लोभ सुटत नव्हता. तिनं सोडवला.” आन् तुला सांग म्हणली, होळीला समृद्धीला घेऊन ये, तिला पुरण आवडतं का विचार.

तुझ्या वडलांचीबी गंमत सांगते. परवा ते आले. अचानक, न कळवता. रत्नाच्या माघारी या उंबऱ्यावर त्यांचं पाऊल पडलं नव्हतं. तुझ्या आजीपुढं हात जोडून उभे ऱ्हायले. ती म्हणली, बसा, आधी दाढ काढून आलात का न्हाई? म्हणले, काढली. मग जेवले.

आता कालचं लिहिते. लिहावं का न्हाई कळत नव्हतं, पण तुझ्यापासून काय ठेवायचं न्हाई असं ठरवलंय.

काल नवा पिक्चर व्हता, बर्फातल्या पक्ष्यांचा. काळा कोट घातलेली बदकंच म्हण ना. सगळी एका रांगेत वकिलासारखी चालत्यात आन् एक घसरला की मागची सगळी घसरत्यात. गेणभाऊ म्हणला, आमच्या ग्रामसभेला हेच असतं. हसून हसून लोकांच्या बरगड्या दुखल्या. तुझे वडीलबी हसत व्हते, दाढेच्या जागी हात धरून.

तुला ठाऊक नसेल, पण रत्नाला गंमत संपेपर्यंत दम निघायचा न्हाई. सगळ्यांच्या आधी हसायची. कीर्तनात बुवांनी गोष्ट काढली की ती निम्म्यातच हसायची आन् तुझी आजी तिला चिमटा काढायची.

काल एका म्हाताऱ्या पक्ष्याचा प्रसंग आला. त्यानं नुसता पाय उचलला व्हता, घसरायचा व्हता अजून. आमच्या मागून, दाराच्या बाजूच्या अंधारातून हसू आलं. एकटंच. मोकळं, वरच्या पट्टीतलं. मग तो घसरला आन् बाकीची लोकं हसली.

तुझ्या वडलांनी माझ्याकडं बघितलं. रखमाजीबाबांचा हात टोपीकडं गेला आन् परत आला. तुझी आजी पडद्यावरची नजर न काढता म्हणली, “हळू हस गं, पोरं बघत्यात.”

कुणी मागं वळलं न्हाई. मीबी न्हाई. पक्ष्यांचं लगीन लागत व्हतं आन् नवरदेव सापडत नव्हता. पिक्चर ऐन रंगात आला व्हता.

तुझी इंदूमावशी